हात न टेकता

२०२३ साल. मला त्र्याहत्तर पुरी झालती. बेळगावच्या एका मोठ्या दवाखान्यात डॉक्टरनं मला खुर्चीवर बसवलं, दोन्ही हात छातीवर बांधायला लावले आणि म्हणाला, "आता उठा."

बूड जरा हाललं आणि परत खाली आलं. पुन्यांदा तसंच. पोरगा बाळू शेजारी उभा होता. त्यानं दुसरीकडं बघितलं, त्याचाच मला जास्त राग आला.

"आजोबा, ह्याला सार्कोपेनिया म्हणतात," डॉक्टर म्हणाला.

सार्कोपेनिया म्हणजे वय झालं आणि हालचाल कमी झाली की अंगातलं मांस झडत जातं. वरनं माणूस धडधाकट दिसतो, आणि आत मांड्या रिकाम्या झालेल्या असतात. कुठं दुखत न्हाय, ताप येत न्हाय, म्हणून कळतबी न्हाय. मलाही कळलं न्हवतं. मी आपल्या घराच्या पायरीवरनं पडलो, मनगट मुरगळलं, म्हणून दवाखान्यात गेलतो. एक्सरे काढला, हाड शाबूत. मग डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडं कितपत पोकळ झालीत ते बघायचा फोटो. सकाळी उपाशी गेलेलो, ऊन डोक्यावर आलं तरी दवाखान्याच्या हॉलमध्ये नाव पुकारायची वाट बघत बसलेलो.

आणि औषध काय? "खुर्चीवरनं उठायचं, बसायचं. रोज. हात न टेकता. शिवाय डाळ, दूध वाढवा आणि चालत जावा."

"गोळी न्हाय?"

"न्हाय."

एवढ्या मोठ्या इमारतीत जाऊन उठा-बशा घेऊन आलो. शाळेत मास्तरनं लई घालायला लावल्या, म्हणून तिसरीतच शाळा सोडलेली. आता म्हातारपणी परत तेच.

निघायच्या आधी मी डॉक्टरला सांगितलं, "मी शहापूरचा विणकर हाय. जन्मभर खड्डामाग चालवला. माझ्या पायाला तुम्ही व्यायाम शिकवताय?"

खड्डामाग म्हणजे जमिनीत खड्डा असतो, त्याच्या काठावर बसायचं, पाय आत सोडायचे आणि खालची पावडी दाबत ऱ्हायचं. वर हातानं सुताची कांडी घातलेला धोटा इकडनं तिकडं फेकायचा. दिवसभर पाय चालू. डॉक्टरनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माग बंद होऊन किती वर्षं झाली?" मी बाळूकडं बघितलं. बाळूनं पॉवरलूम घातल्यापासनं माझा माग बंदच हाय. खड्ड्यावर फळ्या टाकलेल्या.

घरी आल्यावर बाळूनं तोच विषय काढला. "आप्पा, आता तरी तो खड्डा बुजवू. वर फरशी घालू. एखाद्या दिवशी त्यात पडशीला."

"खड्ड्यात बसून आपला आपण उठून दाखवतो. उठलो तर खड्डा ऱ्हाईल. न्हाय उठलो तर घाल तुझी फरशी."

"बरं," म्हणाला. तोंडावर हसला न्हाय, पण आतनं हसतोय ते मला दिसलं.

त्या दिवसापासनं मी व्यायाम चालू केला, पण दार लावून. हे लिहिताना सांगतो, माझ्यासारखी चूक करू नका. लाज वाटायची. खुर्चीवरनं उठायला म्हातारा धडपडतोय हे कुणी बघावं? कुणी बघत न्हाय म्हटल्यावर मी हळूच चांगला हात टेकायचो आणि झालं म्हणायचो. चालायला जावा म्हणतात, तर आमच्या गल्लीत दोन्ही बाजूनं मोटारसायकली. वॉकर आणला होता, धरून चालायची चार पायांची चौकट असते ती. तो मी कॉटखाली सारला.

समोरचा शंकर, तोबी जुना विणकर. एकदा दाराबाहेरनं ओरडला, "काय रं आप्पा, नवं लगीन झाल्यागत दार लावून काय करतोस?"

मनगटाची सूज उतरली. एका दुपारी बाळू लूमवर, सून सुनंदा बाजारला. मी फळ्या काढल्या आणि खड्ड्यात पाय सोडले.

काय सांगू. पाय लगेच पावडीवर गेला. दाबली, तर खाडकन आवाज आला. डावा, उजवा, डावा. मनात म्हटलं, आता बोलव तुझ्या डॉक्टरला.

मग उठायला गेलो. खड्ड्यातनं उठायची आमची एक रीत असते. दोन्ही तळवे काठावर रोवायचे, हातांवर अंग उचलायचं, मागं सरकायचं आणि मग पाय बाहेर काढायचे. सगळे विणकर तसेच उठतात. मी तळवे रोवले, जोर दिला, आणि मनगटातनं अशी कळ आली की डोळ्यापुढं अंधारी आली. पायानं रेटून बघितलं. पाय खाली दाबत होते, पण वर काय उचलीनात. तिथं बसल्या बसल्या मला कळलं, जन्मभर मी पावडी पायानं दाबली खरी, पण उठलो दर वेळी हातानंच.

बाहेरनं शंकर म्हणाला, "आप्पा, हाईस का रं?"

"हाय."

"माग चालू केलास व्हय? आवाज आला."

"बसलोय जरा."

"बस, बस," म्हणून गेला. हाक मारली असती तर दोन मिनिटांत बाहेर आलो असतो. मारली न्हाय. पाय बधिर होईपर्यंत तसाच बसलो.

सुनंदा आली, पिशवी खाली टाकली. "अगं बाई, मामा." एवढंच बोलली. खड्ड्यात उतरून तिनं माझे पाय धरून वर केले, मग मागनं काखेत हात घालून ओढलं. मी तिच्या अंगावर रेललो. जमिनीवर दोघंबी पाय पसरून बसलो तेव्हा म्हणाली, "ह्यांना मी काय सांगणार न्हाय."

"सांग," म्हटलं. "न्हायतर मी सांगतो."

रात्री जेवताना मीच बाळूला म्हटलं, "गवंड्याला बोलाव. फरशी घाल."

त्यानं घास हातातच धरला. "ऱ्हाऊ दे की, आप्पा. फळ्या हाईत की वर."

"शब्द दिलता मी."

ज्यांचं वय झालंय, त्यांना माझं सांगणं एवढंच. अंगात जोर हाय ह्या समजुतीवर बसून ऱ्हाऊ नका. आज घरी खुर्ची घ्या, हात बांधा आणि उठून बघा. न्हाय जमलं तर राग डॉक्टरवर काढू नका. मी काढला, आणि तेवढे दिवस वाया घालवले. सुनंदाचे उपकार मी तोंडानं बोललो न्हाय, ते इथं लिहितो.

फरशी घाल म्हटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुर्ची दाराबाहेर गल्लीत काढून ठेवली, शेजारी वॉकर ठेवला, आणि हात छातीवर बांधून बसलो. शंकर समोरच्या कट्ट्यावर दात घासत होता. मी उठायला गेलो, खाली आदळलो. परत गेलो, परत आदळलो. त्यानं चूळ भरून टाकली.

"काय चाललंय रं आप्पा?"

"उठतोय," म्हटलं.