नवसाचं कडं आणि मानेचा एमआरआय

हाताला लागलं की आमच्याकडे एकच प्रश्न विचारतात, हाड मोडलं का? मोडलं नसेल तर सगळे निश्चिंत होतात आणि चहा घेतात. माझा नवरा केळीचे घड घेऊन निघाला असताना निर्मळ गावाच्या वळणावर स्कूटरवरून पडला. मान एकीकडे, खांदा दुसरीकडे, असा ताणला गेला. एक्स-रेमध्ये हाड शाबूत निघालं आणि भेटायला येणारा प्रत्येक जण "थोडक्यात निभावलं" म्हणून मोकळा झाला. इकडे उजवा हात खांद्यापासून नुसता लोंबत होता. बोट हलत नव्हतं, चिमटा काढला तरी कळत नव्हता, आणि तरी आतून आग आग व्हायची.

पहिला महिना तेल चोळण्यात गेला. मग कुठे मुंबईच्या डॉक्टरांकडे जाणं झालं. त्यांनी हात पाहिला आणि मानेचा एमआरआय सांगितला. हाताकडे येणाऱ्या नसांची मुळं मानेत असतात. ती मणक्यातूनच उपटली गेलीत की पुढे वाटेत तुटलीत, हे हात बघून नक्की सांगता येत नाही, स्कॅनमध्ये बरंचसं कळतं. वाटेत तुटली असतील तर जोडायचा प्रयत्न करता येतो, उपटली असतील तर दुसरीकडची नस आणून बसवावी लागते. आणि जे करायचं ते काही महिन्यांच्या आत. नंतर स्नायूच वाळून जातात. हे सगळं मी घरी येऊन सासूबाईंना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"लागलं हाताला आनि फोटो मानेचा?" त्या म्हणाल्या. "डॉक्टर हाय का कोन हाय?"

तरी मी विरारच्या सेंटरची वेळ घेतली, बँकेत रजा टाकली, रिक्षा केली. तिथल्या मुलीने नेहमीची चौकशी केली, पेसमेकर आहे का, अंगात सळी किंवा पट्टी घातली आहे का. तेवढ्यात तिची नजर नवऱ्याच्या मनगटावरच्या कड्यावर गेली.

ते कडं सासूबाईंच्या नवसाचं. देवीला बोलून त्यांनी ते लोखंडाचं घडवून घेतलं होतं आणि लोहाराकडून लेकाच्या त्याच दुखऱ्या हातात पक्कं जोडून घेतलं होतं. हात वर उचलला की देवीपुढे काढायचं, त्याआधी नाही. लोंबून लोंबून हात इतका सुजला होता की कडं आता फिरतही नव्हतं.

"ताई, आत मोठं चुंबक आहे, लोखंड अजिबात चालत नाही," मुलगी म्हणाली. "काढून या."

काढून या म्हणे. जसं काही चप्पलच काढून यायची होती. पुढची तारीख घेऊन आम्ही घरी परतलो.

"हात उचलल्याबिगर कडं निघनार नाय," सासूबाईंनी सांगून टाकलं.

"आई, स्कॅन झाल्याशिवाय हात उचलणार की नाही तेच कळणार नाही."

"म्हनून तर कडं घातलंय."

दिवसभर काउंटरवर लोकांच्या तक्रारी हसतमुखाने ऐकून घेणारी मी, स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

दिवस जात होते आणि सल्ले येत होते. जो येई तो नवऱ्याला म्हणे, जोर लाव, मनावर घे. एका काकांनी तर पडून राहायची सवय वाईट, असंही ऐकवलं. सासूबाई रोज सकाळी त्याच्यासमोर बसायच्या. "कर ना रं बाबा जरा जोर." तो डोळे मिटून घ्यायचा, कपाळावरची शीर टरारायची, घाम फुटायचा. हात मांडीवर पडलेला तो पडलेलाच. मग सासूबाई उसासा टाकून उठायच्या आणि तो माझी नजर चुकवायचा.

स्कॅनचा दिवस जवळ आला तसं मी त्याला विचारलं, कड्याचं काय करायचं? "आईला दुखवू नकोस," तो म्हणाला. मला त्याचाही संताप आला. हात याचा, आणि काळजी देवीची नि आईची.

शेवटी मी नाक्यावरच्या गॅरेजवाल्याला कटर घेऊन घरी बोलावलं. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मी हात लावनार नाय. काय वाईट झालं तर पाप तुझ्या माथी."

"माझ्या माथी," मी म्हणाले. "दादा, सुरू करा."

कातडी कापू नये म्हणून त्याने कड्याखाली चमच्याचा दांडा सरकवला आणि कापायला घेतलं. लोखंड तापत होतं. नवऱ्याला त्याचा पत्ता नव्हता, म्हणून ओलं फडकं मीच दाबून धरलं होतं. कडं सुटलं तेव्हा सासूबाईंनी ते उचललं आणि देवघरात नेऊन ठेवलं. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

स्कॅन झाला. डॉक्टरांनी तो पडद्यावर लावला आणि पेनाने दाखवलं. नसेचं मूळ जिथे हवं तिथे नुसती पाण्याची पिशवी दिसत होती, मूळ उपटलं की अशी होते.

"म्हणजे केळीचं रोप मुळासकट उपटल्यासारखं?" नवऱ्याने विचारलं.

"तसंच." दोन मुळं उपटली होती, बाकीची पुढे तुटली होती. शस्त्रक्रिया लवकर करायला हवी होती. कोपर वाकेल अशी आशा होती, बोटांची खात्री ते देत नव्हते. मी तारखांचं विचारायला लागले, तर नवरा मध्येच म्हणाला, "डॉक्टर, मी रोज जोर लावतो. तो जातो कुठे?"

"मानेपर्यंत येतो," डॉक्टर म्हणाले. "पुढे वाटच नाही. तुम्ही कितीही जोर लावला असता तरी हात हलला नसता."

तो पडद्याकडे बघत राहिला. बोटांचं काय, पुन्हा केळीच्या वाडीत काम करता येईल का, यातलं त्याने काही विचारलं नाही. डाव्या हाताने खिशातून फोन काढला आणि डॉक्टरांसमोरच घरी लावला.

"आई," तो म्हणाला, "मी जोर लावत होतो गं. खरंच लावत होतो."