दुर्गाघाट, शंभरपट लहान

बँकेच्या बदलीवर मी वाराणसीला आले. दुर्गाघाटच्या गल्लीत ठरवलेल्या घरासमोर सामान घेऊन उभी राहिले, तेव्हा घरमालक माझ्या पायाशी उकिडवे बसले होते. हातात पोलादी पट्टी. "ताई, जरा पाय उचला," ते म्हणाले. मी उभी होते त्या पायरीची उंची त्यांना हवी होती. आकडा वहीत उतरल्यावरच त्यांनी वर पाहिलं. "प्रवास ठीक झाला ना?"

हे गजाननकाका. पाच पिढ्या काशीत. वाडवडील पौरोहित्य करायचे. काकांची नोकरी मात्र रेल्वेच्या कारखान्यात नकाशे काढण्यात गेली. निवृत्तीनंतर त्यांनी मागच्या खोलीत दुर्गाघाटाची प्रतिकृती करायला घेतली. खऱ्या घाटावरचा एक मीटर म्हणजे टेबलावर एक सेंटीमीटर. साड्यांच्या खोक्यांचा पुठ्ठा, आगकाड्या, झाडूच्या काड्या आणि डिंक. पुठ्ठ्याचे थर चिकटवत एकेक पायरी व्हायची, दोन मिलीमीटरची. मी आले तेव्हा नऊ वर्षांचं काम उभं होतं. वरची घरं, बुरूज, निम्म्या पायऱ्या. फक्त पाण्यापर्यंत पोचायचं राहिलं होतं.

"मनाचं काही घालायचं नाही," ते म्हणायचे. "आहे तेवढंच." एकदा मी सुचवलं, खाली एखादी होडी ठेवा, छान दिसेल. काका गंभीर झाले. "नाव आज इथे, उद्या पार. तिचं माप कसं घेऊ?" गल्लीतल्या पानवाल्याने आपला चबुतरा वीतभर पुढे वाढवला, तर काकांनी टेबलावरचा चबुतरा उखडून नवा केला. पानवाला रोज विचारायचा, "बाबूजी, हमारी दुकान बनी कि नहीं?" काका सांगायचे, "पहले तुम बनाना बंद करो."

मुलगा-सून परगावी असत. नात मुक्ता इथेच इंजिनिअरिंग शिकत होती, आजोबांपाशी राहायची. प्रतिकृतींचा नाद तिलाही होता, पण तिच्या कामाला डिंक लागत नसे. ती संगणकावर आकार करायची आणि कॉलेजातलं यंत्र तो प्लॅस्टिकमध्ये छापून द्यायचं. "आजोबा पण थरावर थर, मशीन पण थरावर थर," ती हसायची. काका एकदा ते यंत्र बघून आले. घरी येऊन म्हणाले, "सगळं पाहिलं. हात कुठाय त्याचा?"

माझ्या तिसऱ्या वर्षी काकांचा उजवा हात थरथर कापायला लागला. औषधं सुरू झाली. मनगटावर वाळूची पिशवी ठेवून ते काम करत राहिले.

मुक्ताला त्यांच्यासाठी काहीतरी करायचं होतं. तिने नावेतून सगळ्या घाटाचे फोटो घेतले, आजोबांच्या कामाचेही घेतले आणि दोन्ही संगणकात एकावर एक बसवले. एका दुपारी आम्हा दोघांना बोलावून तिने पडदा दाखवला. "बघा आजोबा, ऊपरचं सगळं हिरवं! एकदम मॅच. बस, इथून खाली थोडी गडबड..." आणि ती थांबली. खालच्या अकरा पायऱ्या लाल होत्या. हात कापायला लागल्यानंतरच्या.

"लाल म्हणजे चूक ना?" काकांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या अकरा पायऱ्या स्वतः सोलून काढल्या आणि पुन्हा करायला घेतल्या. दोन महिने लागले. मग एका रविवारी त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली. "डोळे पण आता नीट धरत नाहीत. अकरा पायऱ्यांचे बावीस मिलीमीटर यायला पाहिजेत. किती आले?"

सव्वीस आले होते.

"बावीस," मी म्हटलं.

त्यांनी अंगठ्याचं नख पायऱ्यांवरून वरपासून खालपर्यंत फिरवलं. "ताई, बँकेत पण असंच सांगता का?" ते रागावले असते तर बरं झालं असतं.

मग त्यांनी डिंकाची बाटली बंद केली.

मुक्ताने पाण्यापर्यंतच्या उरलेल्या पायऱ्या छापून आणल्या. त्या मापात होत्या, म्हणून काकांच्या पायऱ्यांना भिडेनात. जिन्यात तिने मला गाठलं. "मावशी, मी माझं त्यांच्या मापाला मिळवू शकते. दो मिनट का काम है. पण मग घाट गलत होईल, आणि त्यांना कळेल. की त्यांचं काढू?"

उत्तर काकांनीच दिलं. "काढ त्या अकरा. आणि नव्या छापून आण."

"तुम्ही काढा ना, आजोबा."

त्यांनी कापणारा हात तिच्यासमोर धरला. "बाकीचं पण उखडेल."

मुक्ता रडत रडत सुरी चालवत होती. काका खिडकीकडे तोंड करून बसले होते. आठवड्याने छापलेला भाग बसला, केसाचीही फट नाही. काकांनी डाव्या हाताचा तळवा वरच्या घरांपासून पाण्यापर्यंत नेला. "एकदम बरोबर," ते म्हणाले, आणि खोलीबाहेर गेले.

पुढच्या महिन्यात माझी बदली झाली. मुक्ताचा अधूनमधून फोन येतो. काका जेवतात, उन्हात बसतात, त्या खोलीत जात नाहीत. परवा ती म्हणाली, "मावशी, मी त्यांना म्हटलं, मला पुठ्ठ्याचं काम शिकवा. खरंच शिकायचंय मला. तर विचारतात, जरूरत काय?"

मग तिने मलाच विचारलं.

"काय सांगू त्यांना? काय जरूरत आहे?"