नऊ नंबरची बुरशी

वनस्पतिरोगांच्या प्रयोगशाळेत तिला सगळे आत्याबाई म्हणत. कुणी ‘असं झालं असतं तर’ म्हणून अंदाज बांधू लागला, की हातातली नळी न ठेवता ती म्हणे, “आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं!” म्हण तिची, नावही तिलाच चिकटले.

बटाट्याचे पीक सडवणाऱ्या पाणबुरशीचे चाळीस नमुने तिने बावीस वर्षे काचेच्या नळ्यांत जिवंत ठेवले होते. दिसायला बुरशी, पण कूळ समुद्री शेवाळाचे. नळीतल्या आयत्या खाद्यावर ती सुखावते आणि पान कुजवणे विसरू लागते. म्हणून वर्षातून दोनदा तिला जिवंत पानावर वाढवून परत नळीत घ्यावे लागे. आत्याबाई याला ‘माहेरी धाडणे’ म्हणे. फेरी झाली की वहीत तारखेपुढे खूण करी.

एका शुक्रवारी, डॉक्टरेटच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी धावतच आली.

“आत्याबाई, नऊ नंबरमध्ये तो जनुक नाहीच!”

“कुठला गं?”

“हिचा जीनोम म्हणजे मैलोन्‌मैल माळरान. तेच तेच पुन्हा पुन्हा. मध्येच एखादं घर, आणि झाडावर हल्ला करणारे जनुक नेमके तिथे. त्यातलं एक घर गायब आहे. तरी हिनं अख्खं शेत कुजवलं होतं ना? म्हणजे रोगाला तो जनुक लागतच नाही. सोमवारी लेख पाठवतेय.”

“पानावर लावून पाहिलीस?”

“कशाला? तुमची वही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.”

झाडांचे काचघर होते गच्चीवर, तीन जिने चढून. आत्याबाईचे गुडघे कुरकुरू लागले होते आणि नऊ नंबर तर कुणी मागतही नसे. तीन वर्षे तिने ती नळीतून नळीत हलवली होती. पानावर नेलीच नव्हती. वहीतल्या सहा खुणा खोट्या होत्या.

घरी नवरा म्हणाला, “निवृत्तीला सहा महिने राहिलेत. झाकली मूठ राहू दे.”

“मूठ माझी आहे हो, पण आत त्या मुलीच्या डॉक्टरेटची पाच वर्षं आहेत.”

सोमवारी सकाळी तिने मुलीला सगळे सांगितले. मुलीने पाठवायला उघडलेला लेख बंद केला.

“पाच वर्षं, आत्याबाई!”

“हव्या तेवढ्या शिव्या दे. पण आधी पान लाव.”

बर्फाच्या पेटीत नऊ नंबरची गोठवलेली मूळ कुपी होती. तिच्यातली बुरशी जागवून वाढवायला दोन आठवडे गेले. मग दोघींनी एका पानावर ती लावली, दुसऱ्यावर नळीतली. सहाव्या दिवशी पहिले पान काळे पडून लिबलिबीत झाले होते. दुसरे हिरवेगार होते.

“आता मूळ कुपीचा जीनोम वाचायचा,” मुलगी म्हणाली. “तिच्यात तो जनुक निघाला, तर माझं म्हणणं उलटंच; रोगाला तो लागत असणार. लेख थांबवलाय.”

आत्याबाईने वही उघडली. सहाही खुणांवर, खालची खूण दिसत राहील अशी, एकेक रेघ मारली आणि शेजारी सही केली.

“बाकीच्या खऱ्या आहेत ना?” मुलीने विचारले.

“खऱ्या आहेत.”

“तरी एकेक लावून पाहू.”

आत्याबाईने मान डोलावली आणि एक नंबरची नळी काढली.