मागच्या दाराची रांग

लुवेनिया टार्पली एका जागी शांत बसलीय, असं आमच्या गावात कुणी कधी पाहिलं नव्हतं. चर्चमध्ये प्रवचन रंगात आलेलं असलं तरी तिचे हात मांडीवरच्या रुमालाच्या घड्या घालत, मोडत, पुन्हा घालत. आयुष्यभर गोऱ्यांच्या घरचे कपडे इस्त्री करून हातांना खोडच लागली होती. नवरा गेला, मुली उत्तरेला डेट्रॉइटला निघून गेल्या, तरी बाईची चुळबुळ काही कमी झाली नाही.

तिला मत द्यायचं होतं. बस्स, एवढंच. मतदार म्हणून नाव नोंदवायला ती कोर्टाच्या इमारतीत वर्षानुवर्षं खेटे घालत होती, आणि तिथला गोरा कारकून दर वेळी नवं काहीतरी उकरून काढायचा. कधी म्हणे राज्यघटनेचं कलम म्हणून दाखव, कधी म्हणे तुझी हमी द्यायला एखादा मतदार घेऊन ये. मतदार सगळे गोरे. हमी कोण देणार, कपाळ? एकदा तर तिला पायरीवर पाहून त्यानं आतून कडीच घातली.

एकोणीसशे पासष्ट सालच्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला कायदा झाला. आता केंद्र सरकारचाच माणूस आमच्या अलाबामात येऊन आम्हा काळ्यांची नावं नोंदवणार, ना परीक्षा, ना हमी. चर्चमध्ये ही बातमी ऐकून लोकांनी टाळ्या पिटल्या. दुसऱ्या दिवशी लुवेनियाचा घरमालक हॅडली तिच्या ओसरीवर येऊन उभा राहिला.

"लुवेनिया, नाव नोंदवायला जायचं तर खुशाल जा. पण मग या घरात परत पाऊल टाकायचं नाही. जाताना किल्ली पायरीवर ठेव."

नोंदणीच्या दिवशी ती निघाली. पलंग, इस्त्रीचं टेबल, कोंबड्यांचं खुराडं, सगळा संसार तिनं शेजारच्या ओबेडाया प्रुइटच्या ट्रकवर चढवला. किल्ली मात्र पायरीवर ठेवली नाही, खिशात टाकली. का, ते तिलाही धड सांगता आलं नसतं.

वॉशिंग्टनचा माणूस चौकातल्या जुन्या दातांच्या दवाखान्यात बसणार होता. तो दवाखाना आम्हाला लहानपणापासून माहीत. आम्ही काळ्यांनी गल्लीतून मागच्या अंगणात जायचं, दार ठोठावायचं आणि पुढच्या दारानं आलेले गोरे आटोपले की डॉक्टर हाक मारेपर्यंत दाढ दाबून उभं राहायचं. ट्रक चौकात लावून लुवेनिया सवयीनं गल्लीत शिरली. तिच्यामागे नोंदणीला आलेले चर्चमधले बाकीचे. दार बंद. सगळे रांगेत उभे राहिले.

ऊन चढलं. लुवेनियानं दार ठोठावलं, पुन्हा ठोठावलं. आतून हूं की चूं नाही.

"आला नसणार तो," ओबेडाया म्हणाला. "आणि आला असला तरी इथल्या साहेबांबरोबर कोंबडी खात बसला असेल."

"तुझं तोंड जरा बंद ठेवशील का, ओबी?"

"मी बंद ठेवतो गं. दाराला आधी उघडायला सांग."

लोक हसले, पण हसण्यात जीव नव्हता. हे असं बंद दार सगळ्यांच्या ओळखीचं होतं. एकेक जण कामाची सबब सांगून काढता पाय घेऊ लागला. लुवेनिया या पायावरून त्या पायावर झुलत होती. खिशातल्या किल्लीवरून तिचा अंगठा सारखा फिरत होता. आत्ता परत गेलं, पलंग जागेवर लावला, तर हॅडलीला म्हणता येईल, मी गेलेच नव्हते. म्हातारपणी डोक्यावर छप्पर तरी राहील. या विचाराची तिला शिसारी आली, पण विचार काही जाईना.

"मी कोंबड्यांना पाणी दाखवून येते," ती म्हणाली. ओबेडायानं तिच्या खिशाकडे पाहिलं. त्याला कळलं होतं.

ती गल्लीतून वळून चौकात आली आणि जागीच थबकली. दवाखान्याचं पुढचं दार सताड उघडं होतं. वाऱ्यानं लागू नये म्हणून त्याला खुर्ची टेकवून ठेवली होती. आत पंखा इतका घरघरत होता की दुसरं काही ऐकू येऊ नये, आणि त्याखाली एक तरुण गोरा माणूस घाम पुसत बसला होता.

"या ना, बाई! सकाळपासून वाट बघतोय. एकही माणूस फिरकला नाही. तुमच्या लोकांना मत नकोय का?"

लुवेनियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "नकोय? अहो, आम्ही सकाळपासून मागच्या दाराशी ताटकळतोय!"

"मागच्या? तिकडे कशाला गेलात?"

कुणीही तिकडे जा म्हटलं नव्हतं. पाटी नव्हती, शिपाई नव्हता. तिचे पाय आपणहून गेले होते, आणि तिच्या भरवशावर इतरांचेही. तिला इतकी लाज वाटली की पळून जावंसं वाटलं. ती पळाली नाही, त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसली.

"नाव?"

"लुवेनिया टार्पली."

"पत्ता सांगा, मिसेस टार्पली."

तिचा हात खिशात गेला. हॅडलीचं घर सांगावं? "सकाळपर्यंत होता," ती म्हणाली. "आता तो ट्रक. कोंबड्या ओरडतायत ना, तोच."

त्यानं मान उंचावून बाहेर पाहिलं. "राहणार याच जिल्ह्यात ना?"

"जन्म इथला. मरणारही इथंच."

"मग झालं. कुणाकडे उतरणार आहात, त्यांचा पत्ता लिहितो."

"ओबेडाया प्रुइट. त्याला अजून विचारलेलं नाही. पण नाही म्हणून जातोय कुठे?"

नोंद झाली. एवढ्यासाठी इतकी वर्षं, असं वाटून तिला रडू फुटलं, आणि आपण रडतोय याचा रागही आला. तो माणूस बिचारा भला होता. लगबगीनं उठला.

"थांबा, मी मागचं दार उघडतो. उन्हात त्यांना उगीच वळसा कशाला?"

"नको!" ती इतक्या जोरात म्हणाली की तो दचकला. "त्या दाराला हात लावू नका. मी आणते त्यांना."

ती गल्लीच्या तोंडाशी गेली. खिशातली किल्ली काढून तिनं ओबेडायाकडे फेकली.

"ही हॅडलीच्या पायरीवर टाकून ये. पण आधी नाव नोंदव. आणि ओबी, माझा पलंग तुझ्याकडे राहील."

"आणि कोंबड्या?"

"त्याही. चला सगळे, इकडून. पुढून."

कुणी हललं नाही. मग ओबेडायानं टोपी काढली, नीट डोक्यावर पुन्हा घातली आणि निघाला. दाराशी पोचल्यावर तो सवयीनं बाजूला झाला, कुणी गोरा बाहेर येत असेल म्हणून. लुवेनियानं मागून त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला आत ढकललं.