आठवं पिलू

आमच्याकडं म्हैस होती, पण दूध सगळं डेअरीला जायचं आणि आम्ही भावंडं कोरा चहा प्यायचो. तशा घरातून कॉलेज पूर्ण करणारी पहिली मीच, आता कंपनीत नोकरीला.

मागच्या साली आमच्या गावी, रिह्याच्या घरी मांजरीनं भाताच्या पेंढ्यात आठ पिलं घातली. चौथ्या दिवशी सगळ्यात बारकं पिलू तोंडात धरून ती बाहेर गेली. मांजर पिलांना सात घरं फिरवते, हे लहानपणापासून ऐकलेलं, म्हणून मी निवांत होते. थोड्या वेळानं पाहते तर पिलू बांधावरच्या चिखलात गारठून पडलेलं, आणि मांजर आत बाकीच्यांना पाजत बसलेली! मी ते पुसून तिच्याजवळ ठेवलं. तिनं उचललं आणि परत तिथंच नेऊन टाकलं.

"ही आई हाय का वैरीण?" मी ओरडले.

"बोंबलू नको," पिलू पदरात गुंडाळत आई म्हणाली. "दूध पुरंना तिला, म्हणून एक कमी करतीया. तुमच्या कंपनीत लावत्यात तशी शिफ्ट लाव की. येवढी शिकलीस कशाला?"

मग चार पिलं टोपलीत, चार मांजरीच्या अंगाशी, दोन तासांनी अदलाबदल. बारक्याला शिवाय वातीच्या कापसानं शेळीचं कोमट दूध. मांजरीला पोटभर सुकट-भात. तरी दोन दिवस ती बारक्याला पंजानं ढकलत राहिली. मला बघवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिनं त्याला चाटलं.

आठही पिलं जगली.