सही किंवा अंगठा

विहारातल्या बायकांची श्रीलंकेची सहल ठरली आणि आईचा फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या कॉलनीत इंग्रजी कागद आला की तो माझ्याच दारी येतो. मी कचेरीत कारकून आहे, इंग्रजी आपलं मराठी शाळेतलं. वासरांत लंगडी गाय शहाणी.

सहल कंपनीचा फॉर्म ऑनलाइन होता. शेवटच्या चौकटीवर लिहिलं होतं: सिग्नेचर, मग एक तिरकी रेघ, मग थम्ब इम्प्रेशन. आईने कागदावर सही केली, मी फोटो काढून चढवला. दुसऱ्या दिवशी मेल आला: अपूर्ण, सूचनेप्रमाणे पुन्हा भरा. सूचना म्हणजे तीच रेघ. तिचा अर्थ ‘किंवा’ की ‘आणि’, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. कचेरीत दोघांनी ‘किंवा’ सांगितलं, साहेबांनी ‘आणि’. मी साहेबांचं धरलं, नोकरीची सवय.

“अंगठा मी नाय देणार,” आई म्हणाली. “ऱ्हायली सहल तर ऱ्हायली.”

तिला तिथला बोधिवृक्ष बघायचा होता, दोन वर्षं तेच घोकत होती. पण माझं नाव शाळेत घालताना, सायखेड्याला, तिथल्या माणसाने तिचा अंगठा धरून शाईच्या पॅडवर दाबला होता आणि “झालं, अंगठेबहाद्दर!” म्हणून हसला होता. मी शेजारीच उभा होतो. त्याच वर्षी ती प्रौढांच्या वर्गाला जाऊन सही शिकली. पुढे रेशनच्या मशीनवर तिने बोट ठेवलं, कारण तिथे सगळेच ठेवतात. शाईचा अंगठा मात्र पुन्हा नाही.

शेवटच्या तारखेला मी घरी आलो तर टेबलावर कागद होता आणि त्यावर निळा अंगठा. शाई लागली की लोक बोट डोक्याला पुसतात. आईच्या पांढऱ्या केसांत, कानाच्या वर, निळा पट्टा उमटला होता.

“टाक पाठवून,” ती म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

मला ते पाठववेना. कंपनीचा चार दिवस न लागलेला फोन पुन्हा लावला, तो नेमका लागला. स्पीकरवरून मुलगी म्हणाली, “सर, दोन्हीपैकी कुठलंही एक चालतं. मॅडमची सही फिकट आली होती, दिसत नव्हती, म्हणून परत केला.”

“मग तसं लिहायचं ना!” मी ओरडलो. मला खरोखर संताप आला होता.

“सर, सूचना दिलेली आहे,” ती म्हणाली.

आईने सगळं ऐकलं होतं. ती मोरीत जाऊन साबणाने अंगठा घासून आली, तरी तो निळाच राहिला. अंगठ्याचा कागद तिने चुरगाळला, माझ्या वहीवर नवा कोरा कागद ठेवला आणि काळं पेन मागितलं. एरवी ती एकेक अक्षर जपून काढते. या वेळी इतकी दाबून सही केली की खालच्या वहीच्या पानांवरही उमटली.

“काढ फोटो,” म्हणाली. “आता दिसंल त्यांना.”