आत्याच्या यकृताचे रखवालदार

मी या जगात सर्वांत जास्त कुणाचा ऋणी असेन, तर माझ्या आत्याचा. आईवडिलांनी जन्म दिला, तालुक्याच्या शाळेने दाखला दिला, आणि बारावीनंतर पत्र्याची ट्रंक घेऊन पिंपरीजवळच्या चिखलीत उतरलेल्या मला राहायला माळा दिला तो आत्याने. माळ्यावर मी आणि माझं रसायनशास्त्र, खाली तिची मेस. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी पदवीपर्यंत पोचलं नव्हतं. पदवीचा रस्ता मिरचीच्या फोडणीतून जातो आणि वाटेत डोळ्यांना पाणी येतं ते अभ्यासामुळे नव्हे, हे पदवीदानाच्या भाषणात पाहुण्यांनी सांगितलं नाही. बहुधा ते दुसऱ्या रस्त्याने आले असावेत.

आत्या चिखलीतल्या जुन्या शेतकरी घराची सून. सासरच्या शेतात आता वर्कशॉपं उभी आहेत, आणि त्या वर्कशॉपांत राबणारी पोरं तिच्याकडे जेवतात. म्हणजे शेतावर अजून तिचंच लक्ष आहे म्हणायचं. तिने कुणाला तोंडावर ‘नाही’ म्हटलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. ताटावर बसलेल्या माणसाचं मन मोडलं की अन्न अंगी लागत नाही, अशी तिची समजूत. पण मेस चालवायची तर ‘नाही’ म्हणावंच लागतं. त्यावर तिने तोड काढली होती. ‘नाही’ भिंतीवर असायचं, आणि ते माझ्या अक्षरात. ‘ताटात टाकू नये.’ ‘चपात्या खिशात घालून नेऊ नयेत.’ ‘बायकोशी फोनवरचे भांडण बाहेर जाऊन करावे.’ कुणी कुरकुर केली की आत्या हात झटकायची. “मी न्हाई बाबा, त्या शिकल्याल्या पोराचं काम हाय ते. लई कडक हाय.” अशा रीतीने एक शब्दही न बोलता मी विशीच्या आत चिखलीतला सर्वांत खडूस माणूस म्हणून नाव कमावलं. शिक्षणाचे फायदे असे अनेक असतात.

एम.एस्सी.ला मला प्रबंधासाठी विषयही मोठा पुण्यकर्माचा मिळाला. औषधांमुळे यकृताला होणाऱ्या इजेपासून वनस्पतींचे अर्क संरक्षण देतात का? पद्धत सोपी. उंदराला काही दिवस अर्क पाजायचा, मग पॅरासिटामॉलचा एवढा डोस द्यायचा की माणूस असता तर नातेवाईक जमले असते, आणि मग यकृत कितपत शाबूत राहिलं ते पाहायचं. अर्क प्यायलेल्या उंदरांचं यकृत खरंच बऱ्यापैकी शाबूत निघालं. फक्त ते शाबूत आहे हे बघण्यासाठी उंदीर मारावा लागतो, एवढीच काय ती अडचण. गुण सगळ्यांना आला, घरी कुणी गेलं नाही.

या पुण्याईवर मला चाकणच्या बाजूला अर्क काढणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली आणि मी माळा सोडून तिकडेच राहायला गेलो. भुईआवळा, कुटकी, पुनर्नवा पोत्यांतून येतात, तपकिरी भुकटी होऊन ड्रममधून जातात, आणि मधे कुठेतरी मी त्या भुकटीत हवा तो घटक हवा तेवढा आहे का, हे मशीनवर तपासतो. तेवढी माझी जबाबदारी. तो घटक माणसाच्या पोटात जाऊन काय करतो, ही जबाबदारी आमच्या कॅप्सूलच्या बाटलीवरच्या चित्राची. चित्रात एक गुलाबी यकृत आहे आणि त्याच्या हातात ढाल आहे. यकृताला हात असतात हे मला एम.एस्सी.पर्यंत कुणी शिकवलं नव्हतं.

गेल्या वर्षी आत्याच्या मानेला गाठ आली. तपासण्या झाल्या, गाठीचा क्षयरोग निघाला. पिंपरीच्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. गोळ्या न चुकता घ्यायच्या, कित्येक महिने घ्यायच्या. यातल्या काही गोळ्यांनी एखाद्याच्या यकृताला त्रास होतो. मळमळलं, डोळे पिवळे दिसले तर तडक यायचं. आत्याने सगळ्याला मान डोलावली आणि मेसमध्ये येऊन त्यातलं एकच वाक्य सगळ्यांच्या ताटात वाढलं. “गोळ्या लिव्हर खात्यात म्हणं.”

तेवढं पुरे झालं. जी पोरं वर्षानुवर्षं तिच्या हातचं खात होती, त्यांना उपकार फेडायला अखेर एक अवयव सापडला.

परभणीचा एक वेल्डर सुट्टी काढून गावी गेला आणि हातभर लांबीची गुळवेल घेऊन आला. “मावशे, शेतातली हाय, दुकानातली न्हाई. लिव्हर लोखंडावानी व्हतंय.” वेल्डरच्या तोंडी ही मोठीच शिफारस. कणकवलीकडचा एक मशीन ऑपरेटर घरामागचा भुईआवळा वाळवून घेऊन आला. “आमच्याकडे काविळीक ह्याच. डॉक्टर पन ह्याच घेता.” बिहारहून आलेल्या हेल्परने कागदाच्या पुडीतून काड्या काढल्या. “मौसी, चिरैता है. इतना कडवा कि भूत भी भाग जाये.” आणि यांत काही कमी राहू नये म्हणून ऑपरेटरने मेडिकलमधून एक बाटलीही आणली. गुलाबी यकृत, हातात ढाल. “मावशी, तुमच्या भाच्याच्याच कंपनीचा. घरचाच समजा.”

आता यातलं एक घेतलं तर दुसऱ्याचं मन मोडणार. म्हणून आत्याने रविवारच्या मटणाच्या रश्श्याचं मोठं पातेलं खाली काढलं आणि सगळं त्यात घातलं. आमच्या कॅप्सूलही तिने एकेक उघडून ओतल्या, कारण “ते वरचं प्लॅस्टिक पोटात ऱ्हातं.” सकाळी एक ग्लास, संध्याकाळी एक ग्लास. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी रविवारी जायचो, रस्सा नाही म्हणून मनातल्या मनात हळहळायचो आणि तिचं पथ्य चालू असेल असं समजायचो.

काही आठवड्यांनी तिला अन्नाचा वास सोसेना. जी बाई नुसत्या वासावरून आमटीतलं मीठ सांगायची, ती फोडणी देताना नाकाला पदर लावू लागली. मग डोळे पिवळे झाले. मी तिला पिंपरीला नेलं. रक्त तपासलं, यकृताचे आकडे भलतेच वर गेले होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “या गोळ्यांशिवाय आणखी कुठलं औषध घेता का आजी? गावठी, आयुर्वेदिक, काहीही?”

“न्हाई बा,” आत्या म्हणाली.

बाईंनी गोळ्या थांबवल्या. यकृत शांत झालं की एकेक गोळी पुन्हा सुरू करू, म्हणजे त्रास कुठली देते ते कळेल, असं सांगितलं. फार दिवस थांबता येणार नाही, गाठ काही सुट्टीवर गेलेली नाही, हेही सांगितलं.

आत्याला घरी सोडायला गेलो तर दारात वेल्डर ग्लास घेऊन उभा. “मावशे, आधी हे घ्या. रक्त काढलं असंल त्यायनी.”

मी ग्लासात पाहिलं, मग आत जाऊन पातेल्यात पाहिलं. वर तरंगणारी ती तपकिरी भुकटी मी कुठेही ओळखली असती. तिच्या ड्रमवर माझी सही असते.

“हे कधीपासून चाललंय?”

“गोळ्या सुरू झाल्यापासनं. रक्षणाला.”

“आणि बाईंनी विचारलं तेव्हा नाही म्हणालीस?”

“त्यांनी औषिद इचारलं. ह्यो काढा हाय.”

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा दवाखान्यात जाऊन डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. त्यांना सवय असावी. म्हणाल्या, “गोळ्यांनी झालं, काढ्याने झालं की दोन्हींनी मिळून, हे आज मला सांगता येणार नाही. काढा चालू राहिला तर पुढेही सांगता येणार नाही. मग सगळा दोष गोळ्यांवर जाईल आणि त्या सोडतील. तसं होऊ देऊ नका.”

मी हे आत्याला सांगितलं. तिने मान डोलावली. गोळ्या बंदच होत्या. काढा चालू राहिला.

पुढच्या तपासणीत आकडे उतरले. गोळ्या थांबवल्यावर ते उतरतील असं बाईंनी आधीच सांगितलं होतं, पण बाई मेसमध्ये जेवत नव्हत्या. मेसमध्ये विजयोत्सव झाला.

“बगा,” वेल्डर म्हणाला, “गोळ्या बंद, काढा चालू, लिव्हर टकाटक. आता बोला, साहेब.”

मी समजावून पाहिलं. त्यावर ऑपरेटरने बाटली माझ्यापुढे धरली. “तुमच्याच बाटलेर लिवलेला आसा. यकृताचे रक्षण. मगे खोटा काय?”

“ते उंदरांवर दिसलंय.”

“म्हंजे उंदरांक चालता आणि मावशीक नाय?”

“चूहा भी तो जीव है, साहब,” हेल्पर म्हणाला आणि आणखी भात मागितला.

एका प्रबंधाचा, एका पदवीचा आणि एका नोकरीचा असा निकाल लागला. ज्या भुकटीने माझं घर चालतं, तिच्या विरुद्ध बोलायला मी उभा होतो, आणि समोरचे लोक माझ्याच कंपनीचा पुरावा देत होते.

पहिली गोळी पुन्हा सुरू करायची ती पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी, असं ठरलं. रविवारी मी गेलो तर आत्या लसूण सोलत बसली होती. पोरं जेवून गेली होती. मान वर न करता म्हणाली, “बुधवारी मी न्हाई जायाची.”

“का?”

“पोरं इतकं करत्यात. त्यांचं पातेलं उतरवायचं आन् गोळी गिळायची, काय वाटंल त्यास्नी? त्यो परभणीवाला सुट्टी काढून गेला व्हता रं.”

“आणि गाठ?”

तिचा हात मानेकडे गेला. “वाढलीया जरा.”

मी तिच्यासमोर बसून लसणाच्या साली गोळा करू लागलो.

“मला काय कळत न्हाई व्हय?” आत्या म्हणाली. “काढ्यानं तोंडाची चव गेली माजी. बघितला तरी उमळतं. पर सांगायचं कसं? समोर ग्लास धरून उभं ऱ्हात्यात. ताटावरच्या पोरास्नी न्हाई कसं म्हनू?”

आणि तिने भिंतीकडे पाहिलं. माझे जुने कागद तेलाने पारदर्शक झाले होते, तरी ‘नये’ आणि ‘करावे’ अजून वाचता येत होतं.

“लिव्ह की,” ती म्हणाली. “अक्षर बरं हाय का अजून, का मशिनी दाबून गेलं?”

“काय लिहू?”

“कडक लिव्ह. पर नोटीस नगं, पोरास्नी वाटंल मीच सांगितलं. पत्र धाड चाकणवरनं. आलं म्हनून मी डकवते. वाईटपना तुजा.”

नोकरी लागल्यापासून मी तिचे उपकार फेडायला बघत होतो. साडी आणली, ती तिने जपून ट्रंकेत ठेवली. मिक्सर आणला, त्याचा आवाज फार म्हणून पाट्यावरच वाटलं. तिला माझ्याकडून हवं होतं ते एवढंच, आणि ते ती काही पहिल्यांदाच मागत नव्हती. मी ते पत्र त्याच रात्री लिहिलं आणि सोमवारी चिखलीवरून जाणाऱ्या कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती दिलं, म्हणजे ते खरोखर चाकणहून आलेलं असेल. माझ्याकडे त्याचा फोटो आहे. पत्र असं:

आत्या,

मोठ्या अक्षरात लिहितो आहे, म्हणजे तुला चष्मा शोधावा लागणार नाही आणि तुला न विचारता सगळ्या पोरांनाही वाचता येईल.

काढा बंद. पूर्ण बंद. ‘एवढा उरलेला संपवून टाकते’ असंही चालणार नाही. हा माझा हुकूम आहे. तू कबूल नाहीस हे मला माहीत आहे, पण माझ्यापुढे तुझं काही चालणार नाही. ज्याला राग येईल त्याने तो माझ्यावर काढावा. मी रविवारी दुपारी मेसमध्ये सापडतो.

परभणीची गुळवेल चांगली असेल. कोकणातला भुईआवळा चांगला असेल. चिरायता इतका कडू आहे की तो चांगला असलाच पाहिजे. आमच्या कंपनीची भुकटी तर मी स्वतः तपासतो. पण एकाच दारावर चार रखवालदार बसवले आणि तरी घरात चोरी झाली, तर चोर बाहेरून आला की चौघांपैकीच कुणी होता, हे कळायला आधी चौघांना उठवावं लागतं. उंदरांना आम्ही एका वेळी एकच अर्क दिला होता. आणि त्यांना क्षयरोग नव्हता. मावशीला आहे.

भावांनो, गोळ्या सुटल्या तर ही गाठ थांबणार नाही. तुमचं तिच्यावर किती प्रेम आहे हे गाठीला कळत नाही. मला कळतं, कारण मीही तिच्याच हातचं खाऊन इथवर आलो.

बुधवारी पहिली गोळी. मी सकाळीच येतो. डॉक्टरीणबाई एकेक करून सगळ्या सुरू करतील आणि मधूनमधून रक्त बघतील. मळमळलं तर ती लपवेल. तुम्ही लपवू देऊ नका, मला फोन करा. रखवाली करायचीच आहे ना? मग जो पहिल्या पंगतीला बसेल त्याने तिला गोळी घेताना डोळ्यांनी बघायचं आणि मगच ताटाला हात लावायचा.

आत्या, पातेलं राखेने घासून ठेव. माझ्या भुकटीचा डाग लवकर जात नाही, चांगला घास. येत्या रविवारी त्यात रस्सा झाला पाहिजे. तुला वास सोसत नाही तोवर तू बाहेर ओट्यावर बस. फोडणी मी देतो. मीठ किती ते तू बाहेरून सांग.

तुझा,
कडक भाचा